बोजा नाही म्हणे! (ब्रिटनचं लेबर सरकार, एनआय आणि कामगार कायदा)

हॅरोचा_डबेवाला: कालच्या धाग्यावर एका काकांनी ठोकून दिलंय, "लेबरने छोट्या धंद्यावर छदामाचा बोजा टाकला नाही, नुसती बोंब आहे." काका, माझं पोळीभाजीचं दुकान आहे. चार माणसं पूर्णवेळ, सगळी किमान वेतनावर. अर्थमंत्री रीव्ह्जबाईंनी ऑक्टोबर २०२४च्या बजेटात मालकाचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारामागे सरकारला भरायचा हप्ता) १३.८ वरून १५ टक्के केला, आणि ज्या वार्षिक पगाराच्या वर तो लागतो ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून थेट ५,००० वर आणली. पहाटे पाचला कणीक मी मळतो. हा बोजा नाही तर काय, आहेर?

मीटरमापे: अर्धेच आकडे सांगताय. त्याच बजेटात एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे मालकाच्या एनआयमधली वार्षिक सूट, ५,०००चा १०,५०० झाला, तो गिळलात. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर चौघांचा मिळून तुम्ही आधी साधारण २,२९० भरत होतात. एप्रिल २०२५पासून ७८५. कमी झाला की हो!

हॅरोचा_डबेवाला: बरं, जिंकलात, पेढे पाठवतो. पण किमान वेतनाचा तासाचा दर ११.४४चा १२.२१ झाला, त्याचे वर्षाला सहा हजार कोण देणार, तुम्ही? डबा ५० पेन्सांनी वाढवला तर जुनं गिऱ्हाईक ओळख दाखवत नाही.

लेस्टरची_माई: दादा, ते सहा हजार म्हणजे आमच्यासारख्यांचा पगार. केअर होममध्ये रात्रपाळी करते मी. २०२५मध्ये फणफणले होते, पण आजारपणाच्या पहिल्या तीन दिवसांचा एक पेनी मिळत नव्हता. गोळी घेऊन गेले कामावर, दोन आजींना आजारी पाडून आले. अजून खातं मनाला. एप्रिल २०२६पासून पहिल्या दिवसापासून पैसे, त्याबद्दल लेबरला शंभर गुन्हे माफ. एक सोडून! नोकरीवरून मनमानी काढण्याविरुद्ध पहिल्या दिवसापासून संरक्षण देणार होते ना? २६ नोव्हेंबर २०२५ला बजेट, दुसऱ्या दिवशी माघार. आता सहा महिने थांबा, तेही जानेवारी २०२७पासून.

मीटरमापे: आधी दोन वर्षं थांबावं लागायचं, माई.

लेस्टरची_माई: ठाऊक आहे. म्हणून शब्द फिरवायचा?

परतलेला_पुणेकर: एनआयचा विषय निघालाच आहे तर... कंपनीने मला रेडिंगला पाठवलं होतं, तीन वर्षं एनआय कापला गेला. सरकारी पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात, म्हणजे हाती भोपळा. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला तो वेगळाच. आता भारताशी झालेल्या करारात कंपनीने पाठवलेल्यांना ठरावीक काळ एनआय माफ ठरलाय. उशिरा सुचलेलं शहाणपण!

ब्रिक्स्टनकर: शहाणपण कसलं? इथल्या पोरांच्या पोटावर पाय. माझा मुलगा कॉम्प्युटर सायन्स करून आठ महिने अर्ज टाकतोय. तुमच्या माणसामागे कंपनीचा १५ टक्के एनआय वाचणार.

परतलेला_पुणेकर: फुकट नाही, तो भारतात पीएफ भरतोच. आणि भारतात पाठवलेल्या ब्रिटिशांनाही तीच सवलत आहे. तुम्ही १९९८ला कशावर आलात? वर चढून शिडी ओढून घेताय.

ब्रिक्स्टनकर: माझ्या व्हिसावर जाऊ नका! पहिल्या दिवसापासून सगळे कर भरलेत मी.

मीटरमापे: धागा कामगार कायद्याचा होता...

परतलेला_पुणेकर: मग आम्ही कामगार नाही का?

हॅरोचा_डबेवाला: ब्रिक्स्टनकर, पोराला पाठवा इकडे. पहाटे पाच, कणीक, तासाला एप्रिल २०२६चा दर १२.७१. पण मापेसाहेब, चौघांतच तुमचा अलाउन्स खलास होतोय. पाचव्याचा एनआय पूर्ण, वर्षाला जवळजवळ तीन हजार. हे गणित काल का नाही केलंत?

मीटरमापे: पाचवा काल कुठे होता?