उरलेल्या कुस्करलेल्या रताळ्याचे पॅनकेक : तुमचे अनुभव लिहा

आज सकाळी फ्रिज उघडला तर मागच्या कोपऱ्यात कालचं कुस्करलेलं रताळं, वाटीवर ताटली झाकून ठेवलेलं. ठेवलं मीच होतं, पण झोपेत हे विसरलेच होते आणि ती ताटली बघून एकदम बाबाच आठवले. दार उघडं टाकून तशीच उभी राहिले, फ्रिज पिं पिं करायला लागला तेव्हा भानावर आले.

आईची नाईट ड्यूटी असायची तेव्हा सकाळचं आमचं दोघा भावंडांचं खाणं बाबांकडे असायचं आणि त्यांना येणारे पदार्थ मोजून तीन. त्यातला एक हा, रात्रीच्या उरलेल्या रताळ्याचे पॅनकेक. मोजमाप काहीच नाही, वाटीतच पीठ, वाटीतच दूध, काट्याने ढवळायचं. एखादी गुठळी राहिली तर म्हणायचे राहू दे, ज्याच्या पॅनकेकात येईल त्याचा आजचा दिवस चांगला. मी आणि दादा त्या गुठळीसाठी भांडायचो! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं. का ते माहीत नाही, हात धजावला नाही एवढंच.

आज केले. एक वाटी रताळं, एक वाटी गव्हाचं पीठ, एक अंडं, पाऊण वाटी दूध, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. वास अगदी तोच आला. पण मध्ये ओले राहिले, चारही. बाहेरून मस्त तांबूस आणि आत गिच्च. बाबांचे असे कधीच व्हायचे नाहीत आणि ते तर अंदाजपंचे करायचे. कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि तुमच्या आठवणी असतील तर त्याही लिहा, फक्त पाककृती नको.

दुपारची झोप
डोळे भरून आले गं वाचून. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की येते.

उलथणं
मध्ये ओले राहतात कारण रताळ्यात पाणी असतं आणि ते पीठ घट्ट दिसत असलं तरी आत ओलंच असतं. उकडलेलं असेल तर जास्तच पाणी, भाजलेल्यात कमी. त्यात रताळ्याची साखर तव्यावर लवकर लाल होते म्हणून बाहेरून वाटतं झालं, आणि आपण काढतो. मी असं करते: आच मध्यमपेक्षा कमी, पळीभर नाही, मोठ्या चमच्याने छोटे छोटे घालायचे, तळहातापेक्षा लहान, आणि उलटल्यावर मिनिटभर झाकण. साध्या पॅनकेकला वर बुडबुडे फुटले की उलटायचं कळतं पण याला तेवढे बुडबुडे दिसतच नाहीत, पीठ जड असतं. कडा बघायच्या. कडेची चमक गेली, कोरडी दिसायला लागली की उलटा. आणि पीठ कालवल्यावर दहा मिनिटं ठेवा नुसतं, पीठ पाणी पिऊन घेतं. जास्त फेटू नका, चिवट होतात. तुमच्या बाबांची गुठळी राहू दे वाली पद्धतच बरोबर आहे :)

निळी शाई
वरच्या प्रतिसादाला +१, कडा बघायच्या हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पण माझा प्रश्न वेगळा. लेकीच्या वाढदिवसाला जांभळ्या रताळ्याचे केले. तिला जांभळा रंग इतका आवडतो की मोजे सुद्धा जांभळे, आणि मी रात्रीच कुस्करून ठेवलं होतं सुंदर गडद जांभळं, सकाळी पीठ कालवलं आणि बघता बघता हिरवट निळं! तव्यावर तर अजूनच. ती काहीच बोलली नाही, दोन खाल्ले गपचूप, आणि मग रात्री झोपताना म्हणाली आई हिरवे पण छान होते. अजून आठवलं की गलबलतं. पण हिरवे झाले का?

उलथणं
सोडा घातलेला का तुम्ही?

निळी शाई
हो, बेकिंग पावडर संपली होती म्हणून सोडा घातला अर्धा चमचा

प्रयोगवही
मग तोच. जांभळ्या रताळ्याचा रंग अँथोसायनिनचा असतो, आंबट मिळालं की तो लालसर गुलाबी होतो आणि सोड्यासारखं अल्कलीचं काही मिळालं की निळा, हिरवा. मी शाळेत विज्ञान शिकवते, लाल कोबीच्या पाण्याने आम्ही मुलांना हेच दाखवतो. पुढच्या वेळी बेकिंग पावडर वापरा आणि दुधाऐवजी ताक किंवा चमचाभर लिंबू, जांभळे राहतील. सोडाच वापरायचा असेल तर ताक हवंच, नुसत्या दुधात तो नीट फुगवत पण नाही आणि साबणासारखी चव मागे राहते. नारिंगी रताळ्याला हा त्रास नाही, त्याचा रंग बीटा कॅरोटीनचा, तो सोड्याने हिरवा होत नाही.

तुमच्या लेकीला माझ्याकडून एक घट्ट मिठी. काय समजूतदार पोर आहे.

निळी शाई
देते _/\_ आणि या रविवारी परत करते, तिला रंग बदलायचा प्रयोग म्हणून दोन वाट्यांत वेगवेगळा करून दाखवीन

शिफ्टमध्ये आहे
धाग्याचं नाव बघून आत आले आणि आता डबा खाताना रडतेय. मीही नाईट करते, नर्स आहे. माझी मुलं सकाळी बाबांच्या हातचं खातात आणि मला नेहमी वाटायचं की त्यांचं काहीतरी राहून जातंय. ताई तुमचं वाचून बरं वाटलं खूप. एवढंच सांगायचं होतं. रताळं आमच्याकडे खात नाही कोणी.

धागाकर्ती
@शिफ्टमध्ये आहे, काही राहून जात नाहीये हो. आई सकाळी यायची तेव्हा तिच्यासाठी दोन बाजूला काढलेले असायचे, आणि ती उभ्या उभ्या खायची, चपला न काढता. आम्हाला ते बघायलाच आवडायचं.

तिसरी खुर्ची
आईची केमो चालू होती तेव्हा तोंडात सगळीकडे फोड आले होते, तिखट नको, कडक नको, गरम पण नको. रताळं कुस्करून तूप घालून द्यायचे ते दोन घास खाऊन ठेवायची आणि ते उरलेलं बघवायचं नाही मला, फेकवायचं पण नाही. एकदा सकाळी त्यातच अंडं आणि थोडंसं ओटचं पीठ घालून बांगडीएवढे पॅनकेक केले, अगदी मऊ, आणि कोमट करून दिले. तीन खाल्ले तिने. तीन!! मी बाहेर येऊन भावाला फोन केला की तीन खाल्ले. तो ऑफिसमध्ये होता, काही बोललाच नाही, मग म्हणाला परत कर उद्या. पुढचे दोन महिने रात्री मुद्दाम जास्तीचं रताळं उकडायला लागले. आई आता बरी आहे, स्वतः करते, आणि माझ्यापेक्षा चांगले करते. गाळणीतून काढून घेते ती, रताळ्याचे दोरे राहत नाहीत. दोरेवाली असतील तर हे नक्की करा, विशेषतः लहान मुलं आणि आजारी माणसासाठी.

दुपारची झोप
@तिसरी खुर्ची 🙏🙏 आईंना नमस्कार सांग

अर्धा डझन
आम्ही कुस्करलेल्या रताळ्यात लसूण, मिरपूड, लोणी घालतो रात्री. त्याचे गोड पॅनकेक होणार नाहीत हे उघड आहे पण तिखटमिठाचे फार भारी होतात, पीठ जरा कमी, कांद्याची पात बारीक चिरून, आणि वर अर्धवट तळलेलं अंडं. पिवळा बलक फुटून खाली उतरतो आणि मग कोणी कोणाशी बोलत नाही. आमचे तीन मुलगे आहेत, बोलत नाहीत ही मोठी गोष्ट आहे.

वाटीताटली
अवांतर: वाटीवर ताटली झाकून ठेवणाऱ्या लोकांचा एक वेगळाच संघ काढला पाहिजे. आमच्या घरात झाकणाचे डबे पंचवीस आहेत आणि तरी आजी वाटीवर ताटली. विचारलं तर म्हणे डब्यात ठेवलं की विसरतात, ताटली दिसली की उघडून बघतात.

उलथणं
आजींचं खरं आहे

अर्धा डझन
आमचे उघडून बघतात आणि संपवतात, उरलेलं काही मिळतच नाही

खिडकीपाशी
किती दिवसांचं चालतं पण? माझ्याकडे मंगळवारचं आहे, आज शनिवार.

प्रयोगवही
नका वापरू. शिजवलेलं तीन ते चार दिवस, तेही गार झाल्यावर लगेच, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं असेल तरच. जास्त उरत असेल तर एक एक वाटीचे भाग करून फ्रीझरमध्ये टाका, वितळल्यावर थोडं पाणी सुटतं ते ओतून द्यायचं, पॅनकेकला काही फरक पडत नाही. उलट कच्चं रताळं मात्र फ्रिजमध्ये नको, फार गारठ्यात ते आतून कडक होतं आणि मग कितीही उकडा, मधला भाग शिजतच नाही. अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवायचं.

खिडकीपाशी
टाकलं. मन दुखलं पण टाकलं.

हळूहळू
आमच्या मुलाला गव्हाचं चालत नाही, सिलिअ‍ॅक आहे, सहा वर्षांचा होता तेव्हा कळलं. त्याआधीचे दोन वर्षांचे हाल लिहीत नाही इथे. सांगायचं हे की बाकी सगळे पॅनकेक त्याच्यासाठी करून बघितले, तांदळाचे फुटायचे, मक्याचे भुसभुशीत, उलटताना तुकडे. रताळं घातलं आणि धरून राहिले! रताळ्याचा स्टार्चच ते बांधून ठेवतो, गव्हाचा चिकटपणा लागतच नाही. एक वाटी रताळं, पाऊण वाटी तांदळाचं पीठ, एक अंडं, दूध लागेल तसं. अंडं नको असेल तर चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून. पहिल्यांदा त्याने अख्खा गोल उचलून खिडकीतून सूर्यासमोर धरला होता, आई तुटला नाही बघ म्हणून. आता बारावीत आहे, स्वतः करून खातो.

लोणी कमी
सगळ्यांना एकच सांगेन, तव्यावर थोडं तरी तूप तेल लोणी घाला. मी पोषणशास्त्र शिकले आहे आणि हे माझ्या फार जवळचं आहे म्हणून लिहितेय. नारिंगी रताळ्यातल्या बीटा कॅरोटीनचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, पण ते शोषलं जायला सोबत स्निग्ध लागतं. या नारिंगी रताळ्यासाठी आफ्रिकेत काम करणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना २०१६ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, चौथे हॉवर्थ बुइस होते. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने लहान मुलांची दृष्टी जाते, जीव जातो, आणि त्यावर एक उपाय असा साधा, जमिनीतून निघणारा, पोरांना गोड लागणारा. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते, बातमी वाचून त्या रात्री रताळीच उकडली होती. पांढऱ्या रताळ्यात हे फारसं नसतं, चव मात्र छान असते.

शनिवार रविवार
मी फार लिहीत नाही. मुलगा आठवड्याचे दोन दिवस माझ्याकडे असतो. पहिल्या शनिवारी त्याला काय खायला देऊ सुचत नव्हतं, आदल्या रात्रीचं रताळं होतं, मोबाईलवर बघून केलं. त्याने विचारलं बाबा पुढच्या शनिवारी पण हेच का. मी विचारलं आवडलं नाही का. तो म्हणाला नाही, हेच कर, म्हणजे मला आधीपासून माहीत असेल. दीड वर्ष झालं, दर शनिवारी तेच. उलथणं यांनी सांगितलेलं झाकणाचं उद्या करून बघतो.

धागाकर्ती
@शनिवार रविवार, तुमचं दोनदा वाचलं. नका बदलू, तेच करत रहा.

चुलीपाशी
रताळं उकडण्याऐवजी हळू भाजून बघा, मंद आचेवर अख्खं, सालासकट, तासभर. फार गोड होतं. आत एक एन्झाइम असतं, साधारण ६० ते ७५ अंशांत ते स्टार्चची माल्टोज साखर करतं, हळू तापवलं की त्याला वेळ मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये झटपट केलं तर तेवढं गोड होत नाही, याचं कारण हेच. अशा रताळ्याच्या पॅनकेकमध्ये मी साखर अजिबात घालत नाही. आच अजून कमी मात्र ठेवा, जास्त साखर म्हणजे लवकर करपणार.

खिडकीपाशी
तासभर गॅस?

चुलीपाशी
ओव्हनमध्ये चार पाच एकदम टाकते, उरवायचेच असतात ना

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचत होते दिवसभर, मधे मधे. संध्याकाळी दादाला फोन केला, त्याला हा ओल्या पॅनकेकचा प्रकार सांगितला आणि उलथणं म्हणाल्या तसं झाकण ठेवायचं म्हणे, असं सांगितलं. तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, अगं बाबा ती ताटली नाही का ठेवायचे. वाटीवरची. रताळं काढून घेतलं की तीच ताटली तव्यावर पालथी. आणि मग चिमटा सापडायचा नाही आणि ते शर्टाच्या टोकाने उचलायचे, आई ओरडायची.

मला आठवतच नव्हतं. तो शर्ट आठवत होता, टोकाला डाग असलेला, पण डाग कशाचा ते आज कळलं.

थोडं पीठ ठेवलेलं होतं, आत्ता रात्री दोन केले, ताटली झाकून. आतपर्यंत झाले.

दुपारची झोप
कुकर कधीच झाला, पोरांचा अभ्यास, भांडी, आत्ता आले. काय लिहायचं होतं विसरले, वरचं वाचून. रताळी भिजत टाकलीत, माती फार आहे यावेळी. दादाला दिलास का एक फोटो?