लॅपटॉप स्लीपमध्ये टिकत नाही आणि हायबरनेट अर्ध्यावर अडकते – मदत हवी आहे

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात, मुख्यतः जिंतूर आणि सेलू तालुक्यांत, शेततळी, बांध आणि प्लॉट यांच्या मोजणीची खाजगी कामे करतो. टोटल स्टेशनमधला (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रातला) डेटा शिवारातच लॅपटॉपवर उतरवून नकाशा तिथेच तपासावा लागतो, कारण घरी आल्यावर तफावत दिसली, तर शेतकऱ्याला आणि प्रिझम (मोजणीच्या बिंदूवर धरायचा परावर्तक) धरणाऱ्या माणसाला पुन्हा बांधावर बोलवावे लागते. शिवारात चार्जिंगची सोय नसल्यामुळे एका गटाचे काम संपवून दुसऱ्या गटाकडे जाताना बॅटरी वाचणे माझ्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

लॅपटॉपवर विंडोज ११, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. झाकण लावून तो बॅगेत ठेवला आणि मोटारसायकलवरून पुढच्या गावी पोहोचलो, की बॅगेतून गरम हवा येते, पंखा जोरात फिरत असतो आणि बॅटरी निम्म्यावर आलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात बंद बॅगेत तापलेल्या बॅटरीची मला खरोखर काळजी वाटते.

हायबरनेटची, म्हणजे उघडे काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद करण्याची, अडचण निराळी आहे. पडदा काळा होतो, पण पॉवरचा दिवा विझत नाही आणि पंखाही थांबत नाही. कितीही थांबलो तरी शेवटी बटण दाबून धरावे लागते, आणि मग उघडा असलेला नकाशा परत न येता लॅपटॉप नव्याने सुरू होतो.

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ ही स्लीपचे उपलब्ध प्रकार दाखवणारी आज्ञा चालवल्यावर ‘एस-झिरो लो पॉवर आयडल’ (नव्या पद्धतीची, अर्धवट जागी स्लीप) आणि ‘हायबरनेट’ उपलब्ध दिसतात, तर ‘एस-थ्री’ला (जुन्या पद्धतीची गाढ स्लीप) फर्मवेअरचा (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचा) आधार नाही असे लिहून येते. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) बंद केले आहे, नेटवर्क कार्डाला लॅपटॉप जागा करण्याची दिलेली परवानगी काढली आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला आहे आणि सी ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी आहे. एस-थ्री कोणत्या मार्गाने चालू करता येईल का, आणि हायबरनेट कोणत्या कारणाने अडकत असावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत. एस-झिरो प्रकारच्या स्लीपमध्ये यंत्र पूर्ण निजत नाही. मोबाइलसारखे ते अधूनमधून जागे होऊन मेल, अपडेट अशी कामे करू शकते, आणि एखाद्या ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्याला जागेच ठेवले, तर बॅगेत जे घडते ते तुम्ही पाहिलेच आहे. ‘पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी’ चालवलीत, तर गेल्या काही दिवसांतील प्रत्येक स्लीपमध्ये किती बॅटरी गेली आणि ती कोणी खाल्ली याचा अहवाल मिळेल. बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) स्लीपचा प्रकार निवडण्याचा पर्याय नसेल, तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये) फेरफार करून एस-थ्री लादू नका. फर्मवेअरचाच आधार नसताना यंत्र स्लीपमधून परत न उठण्याचा धोका असतो.

माझ्या मते आधी हायबरनेट दुरुस्त करावे. हायबरनेटमध्ये मेमरीतील मजकूर डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडली जाते, त्यामुळे ते नीट चालू लागले की झाकण लावल्यावर थेट हायबरनेट व्हावे अशी सेटिंग करता येईल आणि बॅगेतली उष्णताही थांबेल. दिवा न विझणे म्हणजे एखादा ड्रायव्हर वीज सोडायला तयार नाही असे समजावे. एकदा बटण न दाबता लॅपटॉप चार्जरवर तसाच सोडून द्या. काही मिनिटांनी तो निळा पडदा दाखवून स्वतःच पुन्हा सुरू झाला, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात) कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद उघडून बगचेक कोड (बिघाडाचा क्रमांक) पाहा. तिथे १५९ असेल तर दोष ड्रायव्हरचाच आहे. टोटल स्टेशनसाठी यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर (जुन्या सिरियल केबलला यूएसबीशी जोडणारे साधन) वापरत असाल, तर तो आणि मोजणीच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) काढून पुन्हा करून पाहा.

धागाकर्त्याचे उत्तर:

आपण इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कोड १५९ हाच निघाला. डोंगल ठेवून फक्त कन्व्हर्टर काढला, तर दिवा लगेच विझतो आणि सुरू केल्यावर नकाशा जिथल्या तिथे उघडतो. कन्व्हर्टर लावला की पुन्हा तेच होते. त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजच्या काळातला आहे. झाकणाची सेटिंग मी आता हायबरनेटवर ठेवली आहे आणि डेटा उतरवून झाला की कन्व्हर्टर काढून ठेवतो. मात्र घाईत तो लावलेलाच राहण्याची शक्यता आहे, म्हणून विंडोज ११ वर हायबरनेटला अडथळा न करणारा कन्व्हर्टर कोणी प्रत्यक्ष टोटल स्टेशनला जोडून वापरत असल्यास त्यातील चिपचे नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती कृपया कळवावी.