सीडरच्या डेकवर खिळ्यांभोवती काळे डाग, खांबही मऊ

रंधा: सिएटलजवळ घरामागे १२ बाय १६ फुटांचा डेक, म्हणजे लाकडी ओटा आहे. फळ्या वेस्टर्न रेड सीडरच्या, खिळे साधे गॅल्व्हनाइज्ड. एकाच हिवाळ्यात प्रत्येक खिळ्याभोवती काळे ओघळ आले. दोन खांब थेट मातीत पुरलेत, ते जमिनीलगत मऊ लागतात. लाकूड कुजतंय का? वरून वार्निश मारू का?

करवत: डाग म्हणजे कूज नव्हे. सीडरमधली टॅनिनसारखी द्रव्यं, लोखंड आणि पाणी एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो. खिळ्यांवरचा जस्ताचा थर पातळ असला तर तो लवकर जातो. डागावर सुरीचं टोक दाबून पाहा, रुतलं नाही तर लाकूड शाबूत आहे.

आधी खिळे काढून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा, खाऱ्या पाण्याजवळ ३१६ ग्रेडचे. सीडर मऊ आहे, फळीच्या टोकाजवळ आधी भोक पाडा, नाहीतर चिरते. मग प्लास्टिकच्या बादलीत १ लिटर गरम पाण्याला साधारण ३० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड घेऊन डागांवर लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा हवेतच, हे अॅसिड विषारी आहे. खिळे तसेच ठेवून नुसतं धुतलंत तर डाग परत येणार.

पटाशी: खरी काळजी खांबांची. सीडर टिकतं ते गाभ्याच्या लालसर लाकडातल्या थुजाप्लिसिन या बुरशी रोखणाऱ्या द्रव्यामुळे. कडेचं पांढरट लाकूड बाहेर वापरायच्या लायकीचं नाही, खांबात ते असेल तर तिथूनच कुजायला सुरुवात होते. गाभाही मातीत कायम टिकत नाही. जमिनीलगत ओल आणि हवा दोन्ही मिळतात, बुरशीला तेवढंच हवं असतं. भोवती काँक्रीट ओतलं तर पाणी उलट अडकून राहतं.

डेकला तात्पुरता टेकू द्या. नवे खांब दाबाखाली औषध मुरवलेल्या लाकडाचे घ्या आणि काँक्रीटच्या पायावर धातूच्या बैठकीत, इंचभर वर उचलून बसवा. त्या औषधात बहुतेक वेळा तांबं असतं, त्यामुळे तिथेही साधं लोखंड नको.

रंधा: आणि वार्निश?

करवत: नको. त्याची पापुद्र्यासारखी साय बसते, ऊनपावसात तडकते आणि तिच्याखाली पाणी शिरतं. आत मुरणारं, थोडा रंग असलेलं ऑइल स्टेन (रंगीत तेल) लावा. रंगद्रव्य ऊन अडवतं. फळीचे कापलेले छेद नीट भिजवा, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शोषलं जातं. काहीच लावलं नाही तर फळ्या करड्या पडतील, पण तो बदल फक्त वरच्या थरातला. घासताना मात्र मास्क हवाच. या लाकडाच्या धुळीतल्या प्लिकॅटिक अॅसिडने दमा होऊ शकतो.

गुण्या: सीडर म्हणजे आपला देवदारच ना? मग पुण्यात अंगणातल्या मांडवाला हे आणवलं तर?

पटाशी: नाही. देवदार हा खरा सीडर, हिमाचलच्या काठकुणी घरांत दगडांच्या थरांमध्ये बसवतात तो. वेस्टर्न रेड सीडर हे थुजा नावाचं वेगळंच झाड, वजनाने बराच हलका. वाळवीपुढे त्याचा फारसा भरवसा नाही, पुण्यात सागाचा गाभाच घ्या.