लहान मुलांना धर्मात वाढवावे, की ती विचार करू लागेपर्यंत थांबावे?

प्रश्न:
माझे पती श्रद्धाळू आहेत आणि माझा कोणत्याच धर्मावर विश्वास उरलेला नाही. लग्नाच्या वेळी हा मतभेद आम्हांला किरकोळ वाटला होता. मुलगी चार वर्षांची झाल्यावर तो रोजच्या बोलण्यात येऊ लागला आहे. माझे वडील गेले तेव्हा आजोबा कुठे गेले, असे तिने विचारले. पतींनी 'देवाकडे' असे उत्तर दिले, मी 'मला ठाऊक नाही' असे म्हणाले, आणि ती आम्हां दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिला आत्तापासून एका धर्मात वाढवावे, की हा विषय काही वर्षे बाजूला ठेवावा? काहीच न शिकवणे हीदेखील एक शिकवणच असते, असे पतींचे म्हणणे आहे. ते मला खोडता आलेले नाही आणि पटलेलेही नाही.

उत्तर १:
आपल्या पतींचे म्हणणे मला योग्य वाटते. 'मोठी झाल्यावर तुझी भाषा तू निवड' असे सांगून आपण मुलाला मुके ठेवत नाही. घरात जी भाषा आहे ती त्याला मिळते आणि तिच्याच आधाराने ते पुढे इतर भाषा शिकते. धर्माचेही तसेच आहे. प्रार्थना, सण, मृत्यूनंतरचे विधी यांतून दुःख आणि कृतज्ञता व्यक्त करण्याची एक रीत मुलाच्या हाती येते. ती पुढे अपुरी वाटली तर त्याला टाकून देता येईल. जी कधी हाती आलीच नाही, तिच्याविषयी मात्र त्याला धड भांडताही येणार नाही.

उत्तर २:
भाषेची उपमा मला अर्धीच पटते. दुसरी भाषा शिकण्यासाठी पहिली खोटी मानावी लागत नाही आणि मातृभाषा विसरलेल्या माणसाला मेल्यानंतर शिक्षा होईल, असे कोणी सांगत नाही. धर्म मात्र जगाविषयी काही गोष्टी सत्य म्हणून सांगतो, आणि चार वर्षांचे मूल आईवडिलांचा शब्द तपासून घेत नसते.

शिवाय ही शंका केवळ नास्तिकांची नाही. 1525 साली झुरिकमध्ये ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी प्रौढांना नव्याने बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी, देण्यास सुरुवात केली, ती श्रद्धा समजून-उमजून स्वीकारायची असते आणि तान्ह्या बाळाला ते शक्य नाही, या धार्मिक कारणासाठीच. त्यासाठी त्यांचा छळ झाला, अनेकांना मृत्युदंडही झाला. त्यांच्याच परंपरेतले, मुख्यतः अमेरिकेत राहणारे आमिश लोक आजही बाप्तिस्मा मोठेपणीच घेतात. मात्र त्यांची मुले लहानपणापासून पूर्णपणे त्या समाजातच वाढतात. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा आमिश पालकांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये मान्य केला, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवली, कारण मुलांचे स्वतःचे म्हणणेही ऐकले पाहिजे, असे त्यांचे मत होते. मोठेपणी निवड करायची, पण निवडीसाठी लागणारे शिक्षण चौदाव्या वर्षाच्या आसपास थांबवायचे, ही विसंगती मला अजून उलगडलेली नाही.

उत्तर ३:
कायद्याने या प्रश्नाचे 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर दिलेले नाही, वयाप्रमाणे पायऱ्या पाडल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचे 14 वे कलम विचार, सद्सद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलाला देते, आणि मुलाच्या वाढत्या क्षमतेला धरून मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा हक्कही मान्य करते. जर्मनीचा 1921 चा कायदा अधिक नेमका आहे: बाराव्या वर्षानंतर मुलाचा धर्म त्याच्या इच्छेविरुद्ध बदलता येत नाही आणि चौदाव्या वर्षी निर्णय त्याचा स्वतःचा होतो. अर्थात चार वर्षांच्या मुलीला काय सांगावे, हे कोणताही कायदा सांगणार नाही.

उत्तर ४:
'मोठा झालास की ठरव' असे सांगूनच मला वाढवले गेले. आईवडिलांचा हेतू चांगला होता, परंतु त्यांनी मला कोणत्याच धर्माविषयी काही सांगितले नाही, त्यामुळे अठराव्या वर्षी मला ठरवण्याचा अधिकार मिळाला आणि ठरवण्याजोगे काहीच माझ्यापाशी नव्हते. याउलट माझी पत्नी कर्मठ घरात वाढली. तिला सर्व काही ठाऊक होते, पण शंका विचारली की घरात दोन-दोन दिवस अबोला असे. आम्ही आमच्या मुलाला गोष्टी सांगतो, विधींना नेतो, आणि त्याला यायचे नसेल त्या दिवशी कारण विचारत नाही. हे सोपे नाही. मागच्या महिन्यात तो सलग तीन वेळा आला नाही, तेव्हा पत्नी हिरमुसली होती.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांचे आभार. उत्तरे आम्ही दोघांनी एकत्र वाचली. यापुढे पती 'असे आहे' याऐवजी 'माझा असा विश्वास आहे' असे सांगतील आणि मीही माझे मत त्याच शब्दांत सांगेन, एवढे ठरले आहे. नरक आणि शिक्षा यांच्या गोष्टींवर मात्र एकमत होत नाही. त्या निदान दहाव्या वर्षापर्यंत टाळाव्यात असे मला वाटते, आणि त्या वगळल्या तर धर्म केवळ परीकथा होऊन बसेल असे पतींना वाटते. कोणी हा प्रश्न आपल्या घरात सोडवला असल्यास कृपया लिहावे.