अँटिबायोटिक कमी लिहिण्यासाठी डॉक्टरांवर दबाव आणावा का?

पावसाळीढग:
सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. तरी चिठ्ठीवर ते येतंच. पेशंटला शहाणं करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, आता लिहिणाऱ्या हाताकडे बघा. इंग्लंडमध्ये २०१४ साली मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सर्वाधिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना पत्र धाडलं: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. ना दंड, ना धमकी. पुढच्या सहा महिन्यांत प्रमाण ३.३ टक्क्यांनी उतरलं. एका पत्रावर! हे सगळीकडे का नको?

ओपीडीतला:
३.३ टक्के म्हणजे शंभरातल्या जवळपास ९७ चिठ्ठ्या होत्या तशाच राहिल्या. समोर तापाचा पेशंट, छातीत घरघर, कल्चरचा, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस आणि ठरवायचं मला आत्ता. औषध दिलं नाही आणि न्यूमोनिया झाला तर नाव माझं. दिलं आणि जंतू औषधाला निर्ढावले तर कुणाचंच नाही. पत्राने यातलं काय बदलणार?

पावसाळीढग:
त्या भीतीचं मोजमाप झालंय. २०१६ च्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा: सात हजार पेशंटच्या दवाखान्याने श्वसनविकारांत अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी घटवलं, तर वर्षाला न्यूमोनियाची साधारण एक केस वाढेल. दुसऱ्या पारड्यात २०१९ मध्ये जगभरात अशा निर्ढावलेल्या (प्रतिरोधी) जंतूंमुळे थेट गेलेले अंदाजे १२.७ लाख जीव आहेत.

ओपीडीतला:
ती एक केस माझ्याच खुर्चीसमोर येते हो. १२.७ लाख येत नाहीत.

मधलीसुट्टी:
पेशंट म्हणून सांगते. साधा खोकला सरासरी १८ दिवस रेंगाळतो. आम्हाला वाटतं, आठवड्यात जावा. दहाव्या दिवशी आम्ही "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणत परत हजर. पहिल्याच भेटीत "तीन आठवडे लागतील, धाप लागली तर लगेच या" एवढं सांगा ना. नाहीतर चिठ्ठी द्या, पण म्हणा की तीन दिवस थांबून मगच घ्या.

कडूकाढा:
चिठ्ठी हातात पडल्यावर तीन दिवस थांबणारा माणूस मला दाखवाच! त्यापेक्षा अमेरिकेत करून पाहिलेलं बरं: सर्दीला अँटिबायोटिक लिहिलं की संगणक कारण विचारतो. रकाना रिकामा सोडला तर "कारण दिलेले नाही" असं थेट केसपेपरवर उमटतं.

ओपीडीतला:
हे चालेल, निदान माझं कारण तरी मला लिहिता येतं. माझं भांडण नुसत्या बेरजेशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अँटिबायोटिकच्या यादीत अमॉक्सिसिलिन 'अ‍ॅक्सेस' गटात, म्हणजे आधी वापरायचं, अ‍ॅझिथ्रोमायसिन 'वॉच'मध्ये, म्हणजे जपून वापरायचं. मी पहिलं देतो, शेजारचा उठसूट दुसरं. तुमच्या पत्रात दोघांचा आकडा सारखाच.

पावसाळीढग:
बरोबर. गटवार आकडे द्यावेत. पण पत्र जावंच.

ओपीडीतला:
माझ्याकडे म्हातारे किती, दम्याचे किती, तेही त्यात छापा. मग वाचेन.