'डेव्हिल्ड' या विशेषणाचा नेमका अर्थ काय?

प्रश्न

इंग्रजी पाककृतींत 'डेव्हिल्ड किडनीज', 'डेव्हिल्ड एग्ज', 'डेव्हिल्ड क्रॅब' अशी नावे वारंवार येतात. गुर्दे तव्यावर परततात, अंडी मात्र उकडून थंडच वाढतात. मग हे विशेषण कृतीला लावले आहे की मसाल्याला, आणि सैतानाचा संबंध कुठून आला? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ते मसाल्याला, खरे तर तिखटपणाला लावलेले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झणझणीत पदार्थाला इंग्रजीत 'डेव्हिल' म्हणू लागले. १७८६ मधली तशी नोंद कोशांत सापडते. पुढे त्यावरून क्रियापद आणि विशेषण रूढ झाले. तिखटाने तोंडाची जी आग होते, तिची सांगड नरकातल्या आगीशी घातली गेली, हेच स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिले जाते. व्हिक्टोरियन काळातल्या न्याहारीतले गुर्दे याचे उत्तम उदाहरण आहे: कोकराचे गुर्दे उभे चिरून आतला पांढरा भाग काढायचा, मोहरीची पूड आणि लाल तिखट मिसळलेल्या मैद्यात घोळवायचे, लोण्यावर परतून वूस्टरशायर सॉस घालायचा आणि टोस्टवर वाढायचे.

प्रतिसाद २

अमेरिकेत या शब्दातला जहालपणा बराच ओसरला आहे. तिथल्या 'डेव्हिल्ड एग्ज'मध्ये उकडलेल्या अंड्यांचा बलक कुस्करून त्यात मेयोनीज आणि मोहरीची चटणी कालवतात, ते मिश्रण पांढऱ्या भागात भरून वर पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) भुरभुरतात. तिखट म्हणावे असे त्यात फारसे काही नसते. बोस्टनच्या अंडरवूड कंपनीने १८६८ मध्ये मसाला घातलेले बारीक वाटलेले हॅम डब्यात भरून विकायला काढले. 'डेव्हिल्ड हॅम'वरचे तिचे सैतानाचे बोधचिन्ह आजही ओळखीचे आहे. काही धार्मिक मंडळींना मात्र चर्चच्या पंगतीत सैतानाचे नाव नकोसे वाटे, म्हणून त्याच अंड्यांना 'स्टफ्ड' किंवा 'ड्रेस्ड' म्हणण्याची पद्धत पडली.

प्रतिसाद ३

श्रीलंकेत मूळचा तिखटपणा टिकून आहे. तिथल्या 'डेव्हिल्ड चिकन'मध्ये तळलेले तुकडे कांदा, ढोबळी मिरची आणि तिखट-गोड सॉसमध्ये मोठ्या आचेवर परततात. कोलकात्याच्या 'डिमेर डेव्हिल'मध्ये हा शब्द विशेषण न राहता पदार्थाचे नावच झाला आहे; उकडलेल्या अंड्यावर मसालेदार खिम्याचे आवरण देऊन, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून ते तळतात. मराठीत पाककृती लिहिताना सरसकट एकच प्रतिशब्द वापरू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते: गुर्द्यांना 'झणझणीत' शोभेल, पण अमेरिकी अंड्यांना 'भरली अंडी' हेच योग्य, कारण भरल्या वांग्यांप्रमाणे तिथे भरण्याची कृतीच महत्त्वाची आहे.