आयएसओ उतरवणाऱ्या स्क्रिप्टच्या लिंका मेल्यात, तरी लॉग म्हणतो 'झालं'

लॅबवाला:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी कॉलेजची संगणक लॅब सांभाळतो. 30 मशीन, त्यातली 4 इतकी म्हातारी की 32 बिटच्या पुढे जात नाहीत. आधीच्या सरांनी एक बॅश स्क्रिप्ट (कमांडची यादी) लिहून ठेवलीय. क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, रात्री एकला चालते आणि डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फायली) कर्ल या डाउनलोडच्या कमांडनं उतरवून ठेवते. दिवसा नेट पोरांचं आणि ऑफिसचं.

परवा सकाळी सगळ्या फायली जागेवर, लॉगमध्ये प्रत्येकीपुढे 'झालं'. पेनड्राइव्हवर चढवल्या, एकही बूट होईना. मी पेनड्राइव्हलाच शिव्या घातल्या आणि पदरमोड करून नवा आणला. तरी तेच. शेवटी फायलींचा आकार पाहिला, तर एकेक फाइल काहीशे बाइटची!

लिंकांमध्ये डेबियन 12.5.0 आणि उबुंटू 22.04.3 असे आकडे ठोकलेले आहेत. दर वेळी ते हातानं बदलत बसायचं का?

रात्रपाळी:
त्यातली एक फाइल कॅट करून (आतला मजकूर छापून) बघा. आत 404 चं, म्हणजे 'फाइल सापडली नाही' सांगणारं, एचटीएमएल पान निघेल. सर्व्हरनं 'नाही' म्हटलं तरी कर्ल ते पान मुकाट्यानं जतन करतो आणि शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', परत देतो, म्हणून तुमची स्क्रिप्ट खूश. हायफन एफ लावा, मग 404 ला 22 हा एररचा आकडा परत येईल. सोबत मोठा एल, म्हणजे पत्ता दुसरीकडे वळवला असेल तर तिकडे जाईल. 'झालं' हे तो आकडा तपासूनच छापा.

पेंग्विनकाका:
वरचं बरोबर, पण त्यानं फक्त रडणं ऐकू येईल. दुखणं त्या ठोकलेल्या आकड्यात आहे. डेबियनच्या 'करंट' फोल्डरमध्ये फक्त ताजी आवृत्ती असते, जुनी आर्काइव्हला जाते. उबुंटूचंही तसंच: 22.04 च्या फोल्डरमध्ये शेवटची पॉइंट रिलीज (दुरुस्त्यांची उपआवृत्ती) राहते, 22.04.3 'ओल्ड-रिलीजेस'वर सापडेल.

त्याच फोल्डरमध्ये एसएचए256 बेरजांची (फाइल धड उतरली का ते पडताळायच्या खुणांची) यादी असते, तिचं नाव बदलत नाही. आधी ती उतरवा, ग्रेप या ओळी शोधणाऱ्या कमांडनं 'नेटइन्स्ट'ची (बाकीचं नेटवरून घेणाऱ्या छोट्या आयएसओची) ओळ काढा, फाइलचं नाव त्यातूनच घ्या. आयएसओ आली की त्याच ओळीनं तपासा. अर्धवट उतरलेली फाइलही तिथंच पकडली जाते.

लॅबवाला:
काका, केलं तसं. पण ग्रेपनं एकाऐवजी जास्त नावं दिली, त्यात एक 'डेबियन-एज्यू'. कॉलेज म्हणून ओळखलं की काय मला?

पेंग्विनकाका:
हा हा. एज्यू म्हणजे शाळांसाठीची डेबियन, तिचीही नेटइन्स्ट असते. 'डेबियन' आणि हायफननंतर लगेच आकडा हवा, असा नमुना द्या.

रात्रपाळी:
आणि 'करंट'वर डोळे झाकून विसंबू नका. 9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13 आलं आणि तेच 'करंट' झालं. नावातला पहिला आकडा 12 नसेल तर स्क्रिप्ट थांबेल अशी एक अट घाला, नाहीतर एका रात्रीत लॅबची आवृत्ती बदलेल. शिवाय 13 ला 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. त्या 4 म्हाताऱ्यांची लिंक 'करंट'मध्ये कितीही दुरुस्त केली तरी मिळणार नाही.

लॅबवाला:
म्हणजे त्या चौघांसाठी सरांचा 12.5.0 च बरोबर, फक्त पत्ता आर्काइव्हचा! बदलला, काल रात्री उतरली, बेरीजही जुळली. बाकीच्यांना 13 च देतोय, अट तशी घातली. एज्यू वगळलं.

नवा पेनड्राइव्ह मात्र ऑफिसच्या खात्यात कसा दाखवायचा, तेवढं कोणी सांगा.